अब्बांची नमाज आणि आपाची सोयरीक

माझे अब्बा नमाज पढत नसत. हे रहिमतपुरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचा उलगडा होत नव्हता, कारण बाकी माणूस म्हणून त्यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. रमजानचे सगळे रोजे धरायचे, तेही भर उन्हाळ्यात कापूस पिंजत, नाकातोंडात तूस जात असताना. कुर्बानीचा वाटा आधी विधवा बायकांच्या घरी पोचायचा, मग आमच्या चुलीवर चढायचा. ईदच्या सकाळी ईदगाहवर सतरंज्या अंथरायला सगळ्यांच्या आधी हजर. पण लोक रांगा धरायला लागले की हा माणूस हळूच रस्त्यावर जायचा आणि उसाच्या गाड्या थोपवत उभा राहायचा. लोक म्हणायचे, काय सेवाभाव आहे बघा दस्तगीरचा! मलाही लहानपणी तो सेवाभावच वाटायचा. पुढं कळतं झाल्यावर वाटायला लागलं की हा निव्वळ हट्ट आहे, आणि हट्टी माणसाची मी लेक असल्यामुळं मला त्यात गैर काही दिसलं नाही.

आम्ही पिंजारी. गाद्या, उश्या, लोड, दुलया. घराच्या पुढच्या खोलीत छताला कापूस पिंजायची मोठी कमान टांगलेली असायची आणि तिच्या ताठ ताणलेल्या तातेचा 'ट्यांव ट्यांव' सकाळपासून चालू. त्या आवाजात आम्ही अभ्यास केला, भांडणं केली, झोपलोसुद्धा. शाळेतून आल्यावर आमच्या वेण्यांवर, भाकरीवर, पाण्याच्या हंड्यावर बारीक पांढरा थर बसलेला असायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या घरी आलं की माणूस म्हातारं होऊन जातंय. मशीन आलं, मग फोमच्या गाद्या आल्या, आणि तो आवाज गेला. आता माझ्या सांगलीच्या घरात फोमचीच गादी आहे. पाठ दुखते, पण नवीन करून द्यायला कोण आहे?

अब्बा लहानपणीच पोरके झाले होते. औंधच्या बाजूला एका कदमांच्या वस्तीवर ते गुराख्याचं काम करत वाढले. त्या घरानं त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं, असं ते नेहमी सांगायचे, आणि ते खरं असणार, कारण त्यांची सगळी आवडनिवड त्या घरची होती. हुलग्याचं माडगं हा त्यांचा जीव की प्राण. अम्मा माझी मिरजेची, तिच्या माहेरी दालचा-खाना, शीरखुर्मा असली वळणं. लग्न होऊन आली तेव्हा तिला माडगं म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. शेजारच्या एका काकींकडून तिनं ते शिकून घेतलं, आणि मग असं करायला लागली की कदमांच्या म्हाताऱ्या वहिनी एकदा बाजाराला आल्या असता वाटीभर पिऊन म्हणाल्या, "दस्तगीर, आमच्यापरीस झ्याक करती रं ही!" अम्मा त्यावर महिनाभर खूश होती. घरात आमची भाषाही अशीच, अर्धी अम्माची दखनी, अर्धं अब्बांचं सातारी. मी इथं मराठीच लिहिते, कारण आता आठवतं ते मराठीतच.

अम्माची नमाज मात्र कधी चुकली नाही. ताप असो, पाहुणे असोत, दाराशी गिऱ्हाईक ओरडत असो. अजान झाली की ती कढई उतरवायची आणि आतल्या खोलीत जानमाज अंथरायची. पुढं अब्बांची कमान वाजायची, आत अम्मा सिजद्यात, कपाळ टेकून असायची. जानमाज घडी करताना ती रोज एकदा पुढच्या खोलीकडं बघून म्हणायची, "आवं, आज तरी..." आणि अब्बा म्हणायचे, "व्हय व्हय, बघू." माझ्या जन्माआधीपासून हे चाललं होतं म्हणतात. तिनं कधी आदळआपट केली नाही, कधी टोमणा मारला नाही, आणि कधी सोडूनही दिलं नाही. मला आज कुणी विचारलं की चिकाटी म्हणजे काय, तर मी त्या 'आज तरी'कडं बोट दाखवेन.

मी अकरावीत असतानाची गोष्ट. मोहल्ल्यातल्या बायका जुमेरातीला, म्हणजे दर गुरुवारी, एकत्र बसून दीनाची, धर्माची किताब वाचायच्या. एकदा बाहेरगावच्या एक बाई आल्या, बोलायला मोठ्या तिखट. त्या म्हणाल्या की जो नमाज सोडतो तो कयामतच्या दिवशी फिरऔनच्या, म्हणजे स्वतःलाच खुदा म्हणवणाऱ्या त्या जुलमी बादशहाच्या, सोबत उभा राहील. सगळ्या बायका तौबा तौबा म्हणाल्या, आणि चार-पाच जणींनी वळून माझ्या अम्माकडं बघितलं. बघितलं म्हणजे काय, डोळे खुपसले. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी उठून म्हणणार होते की माझ्या अब्बांनी तुमच्या लेकीच्या लग्नात गाद्या फुकट भरून दिल्या तेव्हा फिरऔन आठवला नाही का. अम्मानं माझा दुपट्टा ओढून मला खाली बसवलं.

घरी येताना मी तिला आडवं घेतलं. "अम्मा, खरं सांग. नमाज नाही पढली तर माणूस जन्नतमध्ये जात नाही का? आणि तो मशिदीत पहिल्या रांगेतला गुळाचा व्यापारी, काटा मारणारा, तो जाणार?"

"त्याचं तू कशाला बघतीस?"

"मग अब्बांचं काय?"

ती चालता चालता थांबली. तिचे डोळे भरले होते, आणि ते मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाली, "बाई, नमाज फर्ज हाय. फर्ज म्हंजे फर्ज. तुझ्या अब्बांसाठी मी त्यात पळवाट काढणार न्हाई. पण आत कुणाला घ्यायचं आन् कुणाला न्हाई, ते त्याच्या हातात. तिथं दारावर मला बसवलेलं न्हाई, आन् त्या बाईलाबी न्हाई. मी आपली मागत ऱ्हाते." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चल, तुझ्या अब्बांना भूक लागली आसंल." मी पुढं आयुष्यभर शाळेत शिकवलं, दीनाचीही बरीच पुस्तकं वाचली. आता माझे भाचे मोबाईलवर मोठमोठ्या आलिमांची, धर्मपंडितांची भाषणं ऐकून याच प्रश्नावर एकमेकांच्या उरावर बसतात. मी ऐकते, आणि मनात म्हणते, पोरांनो, माझ्या अम्मानं हे रस्त्यात उभं राहून सांगून टाकलं होतं.

तर त्याच वर्षी शमीमआपाला इस्लामपूरचं स्थळ आलं. आपा माझी थोरली बहीण, रंगानं गोरी, स्वभावानं अबोल, माझ्या अगदी उलट. स्थळ उस्मानमामूंनी आणलं होतं, म्हणजे अम्माच्या भावानं. मुलगा इकबाल साखर कारखान्यात फिटर, बापाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. बाप हज करून आलेले, म्हणून सगळे त्यांना हाजीसाब म्हणायचे. मुलगा बघून गेला आणि आमच्या अबोल आपानं दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता गाणं म्हटलं. एवढ्यावरून आम्ही काय ते ओळखलं. सगळं जमलं. फक्त हाजीसाबांच्या घराण्यात एक रीत होती. सोयरीक पक्की करायची ती जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या दिवशी. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप मशिदीत एका रांगेत, खांद्याला खांदा लावून नमाज पढायचे, आणि नमाजच्या शेवटी सलाम फिरवला की तिथंच सगळ्यांना साखर वाटायची. हाजीसाबांच्या बापानं घालून दिलेली रीत.

मामू हे सांगत होते तेव्हा पुढच्या खोलीतली कमान थांबली.

मामू मोठे खटपटी. एस.टी.त कंडक्टर, त्यामुळं कुठल्याही गर्दीतनं वाट काढता येते असा त्यांचा विश्वास. ते म्हणाले, "दुल्हेभाई, एका जुम्म्याचा तर सवाल हाय. हुबं ऱ्हायचं, दोन रकात, झालं. पोरगीचं कल्याण." मामूंना काय वाटलं कुणास ठाऊक, प्रत्येक नमाजात सुरुवातीला म्हणतात त्या सुरतीचं त्यांनी सहज विचारलं, "अल्हम्दु तर येतं नव्हं?"

अब्बा हातातला कापूस विंचरत राहिले. वर बघेनात. मी अम्माकडं बघितलं, तर ती आढ्याकडं बघत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हट्ट नव्हता, काही नव्हतं. माझ्या अब्बांना नमाज येतच नव्हती! गुरं राखत वाढलेल्या पोराला कुणी शिकवलीच नव्हती, आणि पुढं बायको-पोरांचा धनी झाल्यावर कुणाकडं शिकायला जायची लाज वाटली. अम्माला हे लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं. तिनं शिकवते म्हटलं, तर म्हणाले, "बायकूपाशी बसून शिकू व्हय?" त्यावर ती गप्प बसली, ती बसलीच. मोहल्ल्यानं नवऱ्याला हट्टी म्हटलं, बेनमाजी म्हटलं, तिच्या तोंडावर फिरऔन काढला, तरी 'त्यांना येत नाही' हे तिच्या ओठावर आलं नाही. स्वतःच्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मामू क्षणभर चाट पडले, पण खटपटी माणूस तो! दुसऱ्याच मिनिटाला उठून उभे राहिले. "काय हरकत न्हाई. शेजारचा करंल तसं करायचं. त्यो वाकला की वाकायचं, बसला की बसायचं, ओठ हलवायचे. कोण ऐकतंय? या हिकडं." आणि त्यांनी खरोखर अब्बांना कापसाच्या ढिगाशेजारी उभं केलं. "हात हितं. हां. आता वाका. आवं, एवढं न्हाई, गवत कापताय व्हय!" अब्बा, सहा फुटी माणूस, अंगभर तूस, मामू सांगतील तसं वाकत होते, उठत होते. आपा दाराआड तोंड लपवून उभी होती. लेकीसाठी माणूस काय काय करतो ते मी त्या दिवशी बघितलं.

"बास!"

अम्मा एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे आम्हाला माहीत नव्हतं. ती मधे येऊन उभी राहिली. "उस्मान, नमाज म्हंजे तुझी पोलीस कवायत न्हाई." मग अब्बांकडं वळली. "आवं, तुमी नमाज पढावी म्हणून मी रोज रडून मागितलंय. मला न्हाई का वाटत तुमी हुबं ऱ्हावं? पण ही करू नगा. ही अल्लाची न्हाई, ही हाजीसाबाची नमाज हाय. त्याच्या पुढं वाकायचं आन् तोंड काबाकडं करायचं, ह्यापरीस बेनमाजी बरे तुमी."

"ताई, सोयरीक मोडंल!" मामू ओरडले.

"मोडू दे," अम्मा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला, कारण दाराआड आपा होती. आपा तिथून आत निघून गेली. मी आजही त्या क्षणाशी थांबते. नवऱ्याच्या आखिरतीची, मरणानंतरच्या हिशेबाची जिला रोज धास्ती, तिनंच त्याला मशिदीत जाऊ नको म्हणावं! माझी अम्मा चौथी शिकलेली. मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथंच तिला मिठी मारावी, पण आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. मी जाऊन चहा टाकला.

जुम्म्याला तरी आम्ही इस्लामपूरला गेलो, कारण बोलावणं होतं आणि न जाणं म्हणजे अपमान. कराडला गाडी बदलली. आपाला नेण्याची पद्धत नव्हती, ती घरीच. अब्बांनी धुवट पायजमा-सदरा घातला होता. हाजीसाबांचं घर दुकानाच्या मागंच. पत्रा ठोकायचा आवाज त्या दिवशी बंद ठेवला होता. आम्ही बायका पडद्याच्या आत बसलो. दालच्याचा वास सुटला होता, आणि ताटात साखरेची पुडकी रचून त्यावर जाळीचा रुमाल टाकलेला होता. मशिदीतनं अजान आली. हाजीसाब उठले. त्यांनी एक नवी कोरी पांढरी टोपी अब्बांच्या पुढं धरली, अगदी मायेनं. "चला, बसा म्हणायची सोय न्हाई आता. शेजारी हुबं ऱ्हायचंय आपल्याला."

अब्बा म्हणाले, "हाजीसाब, जरा बसा."

पडद्याच्या फटीतनं मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "तुमच्या शेजारी हुबं ऱ्हायची माझी लायकी न्हाई आसं न्हाई म्हणत मी. पण मला नमाज येत न्हाई. कुणी शिकवली न्हाई, आन् मी शिकलो न्हाई. माझा मेव्हणा म्हणाला, शेजाऱ्याचं बघून करा. तसं केलं आसतं तर तुमाला कळलंबी नसतं. पण लेक तुमच्या घरात द्यायची, आन् पयल्या दिवशी तुमाला फसवायचं, त्येबी मशिदीत, हे मला जमायचं न्हाई. टोपी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

जी गोष्ट बायकोपुढं कबूल करायला त्यांना लाज वाटायची, ती त्यांनी परक्या बैठकीत, मुलाच्या चुलत्या-मामांसमोर बोलून दाखवली होती. माझ्या शेजारी अम्मानं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले.

हाजीसाब वाईट नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. ते नमाजला गेले, परत आले, आणि अब्बांना शेजारी बसवून जेवायला वाढलं. स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात दालचा घातला. जेवणं झाल्यावर म्हणाले, "दस्तगीरभाई, खरं बोललात. लय कमी माणसं बोलतात. पण माझ्या बापानं घालून दिलेलं हाय, आन् माझ्याच्यानं ते मोडवत न्हाई. मला माफी करा." अब्बांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. इकबाल तिथंच बसला होता. त्याला तोंड होतं, पण ते त्या दिवशी सुपारी खाण्यापलीकडं कशालाही वापरलं नाही. मी पडद्याआडनं मनातल्या मनात त्याला भरपूर शिव्या दिल्या. आपाचं पुढं सांगलीत झालं, नवरा देवमाणूस मिळाला. पण ते पुढचं. त्या वेळी आमच्या घरात जे पसरलं ते सुतकच.

आपा रडली, ती एकदाच, मोरीत नळ सोडून. मग गप्प झाली. अम्माशी बोलायची, माझ्याशी बोलायची, अब्बांशी नाही. ताट त्यांच्यापुढं ठेवायची आणि वळायची. ते "शमा, मीठ दे गं" म्हणायचे, ती मीठ ठेवायची. अब्बांनी तिला एका शब्दानं काही म्हटलं नाही. कमान तर वाजेचना. कापूस तसाच पडून. गावात बातमी पोचली होतीच. दस्तगीर पिंजाऱ्याला नमाज येत नाही म्हणून सोयरीक मोडली, असं लोक चहाच्या टपरीवर बोलायचे. काही हसायचे. कदमांच्या वहिनींचा निरोप आला, त्याला म्हणावं माझ्याकडं येऊन चार दिवस राहा. तेवढाच एक बरा निरोप.

मग एका दुपारी, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजची वेळ. अम्मा आत जानमाजवर उभी होती. मी ओट्यावर शेंगा फोडत होते, आपा कपडे वाळत घालून आत येत होती. अब्बा पुढच्या खोलीतनं उठले आणि आतल्या दाराशी येऊन उभे राहिले. अम्मानं सलाम फिरवला, दुवा मागितली, जानमाजला हात घातला, आणि सवयीनं वर बघून म्हणाली, "आवं, आज तरी..." म्हणताना तिलाच कसंसं झालं. वाक्य तिनं गिळलं.

अब्बा म्हणाले, "शिकीव मला."

अम्मानं हातातली जानमाज पुन्हा अंथरली.

"आता काय दडवायचं ऱ्हायलंय? समद्या मुलखाला कळलं. सोयरीक गेली, इज्जत गेली, आता कुणाला दावायची न्हाई ना कुणाकडनं काय मिळायचं न्हाई. आता शिकीव."

मला गप्प बसवेना. मी माझीच. म्हटलं, "अब्बा, जन्नतसाठी?"

अब्बा माझ्याकडं वळले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "जन्नतीचं त्यो बघंल. त्यानं मला आत घेतलं काय, न्हाई घेतलं काय. पर ही एवढी वर्सं एकटीच हुबी ऱ्हाती गं. मी हितं बसून नुसता ऐकतोय. बरं वाटत न्हाई."

अम्मा रडायला लागली. अब्बा गोंधळले. "आता रडती कशापायी? आदी काय करायचं त्ये तर सांग."

"आदी वुजू," अम्मा हुंदके देत म्हणाली. "पाण्यानं."

अब्बा बाहेर मोरीच्या दगडावर जाऊन उकिडवे बसले. अम्मा उंबऱ्यात उभी राहून सांगायला लागली, आधी बिस्मिल्ला, मग हात मनगटापर्यंत. तेवढ्यात आपानं हातातली बादली खाली ठेवली. तांब्या भरून घेतला, अब्बांच्या समोर बसली आणि त्यांच्या हातांवर हळूहळू धार धरली. हात झाले, चूळ झाली, नाक झालं, तोंड झालं. अब्बांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि पुढं काय ते न कळून थांबले.

आपा म्हणाली, "अब्बा, बाह्या वर करा. कोपरापर्यंत भिजायला पाहिजे."